शेऱ्याखालची अक्षरं

माझी आत्या आयुष्यभर एकाच बस कंपनीत प्रोग्रामर होती आणि तिचा जीव एकाच संगणकी भाषेवर होता, पास्कलवर. नंतर आलेल्या भाषांशी ती सासरच्या माणसांशी वागावं तशी जपून वागायची, लग्न केलेलं नसूनही.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर तिला कंपनीतून फोन आला. हरवलं-सापडलं खात्याच्या जुन्या नोंदी नव्या संगणकावर न्यायच्या होत्या आणि ती फाइल कोणाला वाचता येईना. उघडली की नुसते चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं. मांडणी आत्याचीच होती. बसमध्ये सापडलेल्या प्रत्येक वस्तूला मोजून एकशे अठ्ठावीस बाइट, त्यात क्रमांक, तारीख, वस्तूचं नाव आणि शेवटी शेरा.

जुनं मशीन त्या खात्याच्या तळघरातल्या खोलीतच होतं, म्हणून तिला तिथेच बसवलं. समोर जाळीची खिडकी, जाळीपलीकडे लोकांसाठी एक लाकडी बाक. आत्याने चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. एका वेळी एक नोंद उचलायची, डावीकडे बाइटचे आकडे दाखवायचे आणि उजवीकडे अक्षरं. तेव्हाचे कारकून रोमन अक्षरांत मराठी टाइप करत, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती.

पहिल्याच दुपारी तिला एका छत्रीची नोंद सापडली. शेरा होता, ‘दांडी मोडलेली’. त्यापुढची जागा मोकळी असायला हवी होती. तिथे लिहिलं होतं, ‘...त नाहीत. नुसते बघतात.’

आत्याने आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. चूक तिच्या लक्षात आली होती. शेऱ्याचा पहिला बाइट किती अक्षरं दाखवायची ते सांगतो. कारकुनाने खोडलं की तिचा जुना प्रोग्राम फक्त तो आकडा एकाने कमी करायचा, अक्षर तिथेच राहायचं. मग त्यावर छोटा शेरा टाइप केला की खोडलेल्या वाक्याचं डोकं झाकलं जाई आणि शेपूट तशीच फाइलीत जाई.

ती शेपट्या वाचत सुटली.

‘...बाकावर बसले. पायात एकच बूट.’

‘...शिपाई म्हणतो बाक रिकामा आहे.’

‘...ताईंना वर जाऊन सांगू का?’

वरच्या मजल्यावर ताई म्हणावं अशी एकच बाई बसायची, ती म्हणजे आत्या. तिने मान वर करून जाळीतून पाहिलं. बाक रिकामा होता. “त्याने बरं वाटायला हवं होतं,” ती मला म्हणाली, “पण शिपायालाही तो रिकामाच दिसायचा ना.”

त्या तारखांना खिडकीवर कोण होतं हे तिला पक्कं आठवत होतं. ती कारकून इतक्या हळू बोलायची की सगळे तिला हळूबाई म्हणायचे. आत्याने ती पानं छापली आणि तिच्या मुलीच्या घरी पत्ता काढत गेली. हळूबाईने ओळींवरून बोट फिरवत पहिलं पान वाचलं.

“हे मी पुसलं होतं, ताई.”

“पुसलं गेलं नाही. चूक माझी आहे.”

“चार वाजता एक गृहस्थ यायचे. काय हरवलंय विचारलं की ओठ हलायचे, आवाज नाही. कोणाला सांगणार? वेडी ठरवून घरी बसवलं असतं. लिहिलं की हलकं वाटायचं. मग पुसून टाकायची.”

“माझ्याकडे यायचं होतंत.”

“आले होते की. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, कागद संपला असेल तर भांडारात सांगा. मग कागद घेऊन खाली गेले.”

हळूबाई पुढचं पान वाचत होती.

“हे माझं नाही,” ती म्हणाली. “मी मोठी, कॅपिटल अक्षरं कधी वापरली नाहीत. आणि तारीख बघा. तेव्हा मला नोकरी सोडून वर्ष झालं होतं.”

पानावर होतं, ‘...पुन्हा चारला. आधीच्या बाईंनाही दिसत असतील का?’

“माझ्या जागी आलेला कारकून,” हळूबाई म्हणाली. “त्याला किल्ल्या दिल्या, कपाटं दाखवली. हे तेवढं बोलले नाही.”

मोठ्या अक्षरांतली शेवटची शेपूट एका वॉटरबॅगच्या नोंदीत होती. ‘झाकण नाही, पट्टा तुटलेला’ आणि त्यामागे, ‘...म्हणाले आणि उठून गेले.’ त्यानंतरच्या अकरा वर्षांत असं काहीच नव्हतं.

आत्याने त्या कारकुनाला फोन केला. “मी असलं काही टाइप केलेलं नाही,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला.

“ताई, त्या शेवटच्या वाक्याची सुरुवात आहे का तुमच्याकडे?”

“नाही. त्यावर वॉटरबॅगचा शेरा बसलाय.”

“त्यांनी मला सांगितलं होतं काय हरवलंय ते. मी शोधायलाही उठलो होतो. पण आता ते काय होतं हेच आठवत नाही. तुमच्याकडे असेल असं वाटलं.”

कंपनीच्या नव्या साहेबांना फाइल साफ हवी होती. आत्याने तसा प्रोग्राम लिहिला. शेऱ्याची लांबी संपते तिथून पुढे सगळीकडे शून्य. चालवायला चार मिनिटंही लागली नाहीत. छापलेली पानं मात्र तिने हळूबाईकडेच ठेवली.

हळूबाई आणि तो कारकून आता दर आठवड्याला भेटतात, पानं पुढ्यात घेऊन बसतात. आत्यालाही बोलावतात. ती जात नाही. का, म्हणून मी विचारलं.

“ते गृहस्थ कसे दिसायचे, हे ते दोघं सांगायला लागतील,” ती म्हणाली. “आणि मला अजून दोन दिवस त्या बाकासमोरच्या खिडकीत बसून नोंदी तपासायच्यात.”