बोंबलांवर टाकलेला दोष

हे सांगायचं मी वीसेक वर्षं टाळलं.

सून पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी, वेवजीला निघाली, तेव्हा पोचवायला मीच गेलो. पिशवीत डहाणूच्या बाजारातले सुके बोंबील घेतले होते. तिला फार आवडायचे. वाटेत तलासरीला दवाखान्यात नाव नोंदवायचं होतं. तिची आई, आमच्या विहीणबाई, तिथे आधीच येऊन बसल्या होत्या.

नर्सने विचारलं, "दोन्ही घरांत कुणाला गरोदरपणात बीपी, झटके?"

विहीणबाई हसल्या. "आमच्यात नाय बाय! मी पाच पोरं काढली, भात लावता लावता."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. माझा मुलगा पोटात असताना माझ्या बायकोचं तोंड सुजलं होतं. झटके येऊन ती दोन दिवस बेशुद्ध होती. लग्न जमवताना आम्ही ते लपवलं. आता विहिणीसमोर कसं सांगणार? शिवाय सासूचं दुखणं सुनेला कसं लागेल, अशी मी मनाची समजूत घातली.

"आमच्याकडे कुणाला नाही," म्हणालो.

आठव्या महिन्यात सुनेला झटके आले. बाळ वाचलं, मुलगी. सून गेली.

दहाव्याच्या दिवशी, वेवजीच्या भरल्या अंगणात, मी विहीणबाईंना म्हणालो, "खारे बोंबील खाऊ घालून पोरीचा जीव घेतलात." बोंबील मीच नेले होते. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

ती नात आता गरोदर आहे. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. या वेळी मी सगळं सांगितलं.

"आजोबा, हे बापाच्या बाजूनेही येऊ शकतं," त्या म्हणाल्या. "बाळात बापाचाही अंश असतो ना."

"तेव्हा बोललो असतो तर सून वाचली असती?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. लक्ष मात्र जास्त ठेवलं असतं."

नातीला रोज एक बारीक गोळी सुरू झाली. बीपी मोजून आली की मी आधी तिचं तोंड बघतो, सूज आहे का. बाकी माझ्या हातात काही नाही. आठवा महिना अजून लांब आहे.

गोळी सुरू झाली त्या आठवड्यात मी वेवजीला गेलो होतो. विहीणबाई फार थकल्या होत्या. म्हणाल्या, "व्याहीबुवा, तेव्हापासून या घरात बोंबील भाजला नाय. नातीला तरी देऊ नका हां."

मी मान हलवली. चहा प्यालो. "पुढच्या खेपेला निवांत बोलू," म्हणून उठलो.

पुढची खेप त्यांच्या दहाव्याची झाली. अंगण तेच, माणसंही बरीचशी तीच. तिथेही तोंड उघडलं नाही.

विहीणबाई, दोष बोंबलांचा नव्हता, आणि तुमचा तर नव्हताच. नर्सने विचारलं तेव्हा खोटं मी बोललो. मला माफ करा.