न उघडलेलं झाकण

बेकरीच्या भट्टीपुढे जन्म काढून जब्बारभाई निवृत्त झाले, तेव्हा मुलाने, नबीलने, त्यांना घरी ब्रेड करायचं मशीन आणून दिलं. "अब्बा, मध्येच झाकण उघडायचं नाही," एवढीच त्याची अट. पण आत कणीक फुगायला लागली की जब्बारभाई हमखास झाकण उघडून तिच्यावर हात ठेवत, आणि ब्रेड दर वेळी बसे. आज नबील चहाला येणार होता, म्हणजे आज तरी ब्रेड साधायलाच हवा होता.

"अहो, निजू द्या तिला," त्यांचा हात झाकणाकडे जाताना पाहून त्यांची बायको कमरजहां म्हणाल्या. "लहानपणी नबीललाही असंच उठवायचात, श्वास चालू आहे का बघायला."

जब्बारभाई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. ब्रेड टम्म फुगला. नबीलने तोंडभर कौतुक केलं.

"चांगला झालाय," जब्बारभाई म्हणाले. "पण मला ओळख दाखवत नाही."