विहीणबाईंची लाल चकती

जमिनीवर आपटलेल्या वस्तूकडे बघून मनापासून आनंद मानणारी बाई अख्ख्या न्यू जर्सीत एकच आहे आणि ती आमची विहीण आहे, हे मी चारचौघांत कॉलर ताठ करून सांगतो. बाई मूळच्या नागपूरच्या, आता वेस्ट विंडसरच्या. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याबद्दलच पगार मिळतो. तरी माझ्या मुलीची, म्हणजे त्यांच्या सुनेची, एकही चूक त्यांनी आजवर काढलेली नाही. त्यांचं सगळं लक्ष डिस्क गोल्फमध्ये. हा खेळ म्हणजे गोल्फच, फक्त चेंडूच्या जागी प्लास्टिकची चकती आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लटकवलेलं लोखंडी टोपलं. बाकीचे लोक चकती हवेत किती लांब जाते ते बघतात. आमच्या विहीणबाईंचा खेळ चकती जमिनीला लागल्यावर सुरू होतो.

याचं कारण त्यांचा उजवा खांदा. तो बरीच वर्षं कुरकुरतोय, त्यामुळे जोर लावून लांब फेकणं त्यांना जमत नाही. मग त्यांनी शोधून काढलं की योग्य चकती तिरकी धरून टणक जमिनीवर टाकली, तर ती उसळते, डावीकडे वळते आणि सुळकन घसरत पुढे जाते. उरलेलं अंतर जमीनच कापून देते. "लहानपणी तलावावर चपटे दगड फेकून भाकऱ्या काढायची मी, त्यात नवं काय आहे जी?" असं त्या वर मलाच विचारतात.

प्रश्न एवढाच, की उसळणारी चकती ओळखायची कशी. त्यांच्याबरोबर दुकानात जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला असं समजावं. रंग, चित्र, कंपनी यांच्याकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. चकती उचलायची, माठ घेताना वाजवतात तशी बोटाच्या पेरानं वाजवायची, कडेवरून अंगठा फिरवायचा, मग काउंटरच्या काचेवर ठेवून डोळा काचेच्या पातळीला आणायचा आणि कड काचेला पूर्ण बसते का ते बघायचं. मधे फुगलेली असली की बाद, कारण ती हवेत तरंगत राहते आणि हळूच उतरते. कड जाड असली की बाद. वाकवून बघितल्यावर मऊ लागली तर पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. "हे पडलं की बसून जाईल, पाहुण्यासारखं. आपल्याला उठून पुढं जाणारं पाहिजे, व्याहीबुवा." हे त्यांनी एकदा घरी चकती वाकवून दाखवत सांगितलं. मी एडिसनहून चहाला आलेला पाहुणा, दोन तास बसलेला, त्या दिवशी जरा लवकर निघालो.

ही सवय आम्हांला आधी ठाऊक नव्हती. लग्नाची बोलणी करायला त्या प्रथम आमच्याकडे आल्या तेव्हा जेवणाआधी त्यांनी रिकामं ताट उचललं, वाजवलं, कड तपासली आणि टेबलावर ठेवून वाकून बघितलं. आमची ही स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "स्थळ कठीण दिसतंय. भांड्यांपासून सुरुवात केलीय." तिकडे बाई मुलाला हळूच सांगत होत्या, "काय सपाट आहे पाहा. हे फेकलं तर कुठल्या कुठं जाईल." लग्न ठरलं. मुग्धा, आमची मुलगी, इथेच जन्मलेली आणि सासू या शब्दाला घाबरलेली. पण लग्नानंतर महिनाभरात ती सासूबाईंच्या जोडीनं स्पर्धा खेळायला लागली. मी ज्या काळजीनं रात्री कूस बदलत होतो ती काळजी एका चकतीनं मिटवली, हे मी विसरणार नाही.

ती चकती लाल होती. बाईंची सगळ्यांत लाडकी. अशी दुसरी मिळाली नाही, असं त्या म्हणत. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून चकत्याच लुटायचं ठरवलं. छपाई बिघडलेल्या लाल चकत्यांचा गठ्ठा स्वस्तात आणला, जावयांनी गॅरेजमधून तो उचलून आत आणला आणि त्याबरोबर वर पडलेली आईची लाडकी चकतीही आणली. तिळगुळासोबत ती कुणाच्या तरी ओटीत गेली. नंतर बाईंनी सगळ्या जणींना फोन केले. आमच्या हिनं तर छातीठोकपणे सांगितलं, "आमच्याकडे डिस्क वगैरे काही नाही हो." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ती ताटली होती.

उन्हाळा तसाच गेला. त्यातच खांद्याचं ऑपरेशन ठरलं, आणि त्यानंतर हात पूर्वीसारखा फिरेलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे क्लबची ऑक्टोबरची जोड्यांची स्पर्धा कदाचित शेवटची. सुनेबरोबर एकदा तरी जिंकायचं, एवढीच बाईंची इच्छा होती, आणि हातात मनासारखी चकती नव्हती.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी त्या आमच्याकडे जेवायला आल्या. खिडकीतल्या तुळशीला नमस्कार करायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मला वाटलं पाठ धरली. त्यांनी दोन्ही हातांनी कुंडी उचलली, खालची लाल ताटली काढली, पदराला माती पुसली आणि जेवणाच्या काचेच्या टेबलावर ठेवून डोळा पातळीला आणला. खिडकीतल्या उन्हानं आणि कुंडीच्या वजनानं त्यांची हरवलेली चकती आणखी सपाट झाली होती.

"बसली पाहा. पूर्ण बसली." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "रागावून नाही राह्यले मी. तुमच्या तुळशीनं माझं काम केलं."

स्पर्धेत शेवटच्या टोपल्यापर्यंत दोन जोड्या बरोबरीत होत्या. ते टोपलं एका जाड ओकच्या मागे डावीकडे लपलेलं. दोघींनी फेकायचं आणि जी चकती बरी पडेल तिथून पुढे खेळायचं, असा जोडीचा नियम. मुग्धाची चकती झाडीत अडकली. ती एवढंच म्हणाली, "आई, इट्स ऑन यू नाऊ. सॉरी." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, लाल चकती वाजवून बघितली आणि तिरकी, अगदी खालून सोडली. ती ओकच्या अलीकडेच जमिनीला लागली. समोरच्या जोडीतला एक जण हसला. तेवढ्यात चकती उसळली, वळली आणि झाडामागे दिसेनाशी झाली. आम्ही धावत जाऊन बघितलं तर टोपल्याच्या अगदी पायाशी पडली होती. मुग्धानं ती उचलून साखळ्यांत टाकली. समोरच्यांना एक फेक जास्त लागली, म्हणजे या दोघी जिंकल्या. सासू-सून एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि शेजारच्या अनोळखी गोऱ्या माणसाला मी सांगत सुटलो की ती डावीकडची माझी मुलगी आणि उजवीकडची माझी विहीण.

ऑपरेशन झालं. हात झोळीत आहे, आणि पुढे काय ते अजून कुणीच सांगत नाही. दवाखान्यात जाण्याआधी बाई स्वतः चकती घेऊन आल्या आणि हिला म्हणाल्या, "परत ठेवा तुळशीखाली. हात बरा झाला की नेईन." एवढंच बोलल्या आणि चहा न घेता निघाल्या.

तुळशीला पाणी घालायचं काम आता मी माझ्याकडे घेतलंय. सकाळी कुंडी उचलतो, चकती पुसतो, काचेच्या टेबलावर ठेवून डोळा पातळीला आणतो. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण अजून पूर्ण बसते. मग ती परत उन्हात ठेवून देतो. त्या न्यायला येतील तेव्हा ती तयार असायला हवी.