आमच्या मालिकेचा नायक टक्कल करून आला

मंडळी, आज काय झालं, सांगतो!

तीर्थपुरीत आमच्या मुलांच्या टीव्ही मालिकेचं शूटिंग चालू आहे. काल नायक शाळेत शिरताना घेतला. आज वर्गातला प्रसंग होता, अन् पोरगं आलं गुळगुळीत टक्कल करून!

त्याची आई म्हणाली, "याला काम मिळालं तर केस देईन, असा देवीला नवस होता. मंग काल संध्याकाळीच अंबडला जाऊन फेडला."

मी दिग्दर्शक, डोकं धरून बसलो. शेवटी नवसच गोष्टीत घातला. वर्ग टकल्याला चिडवतो, असा प्रसंग केला. पोरं इतकी खरीखुरी हसली की एका टेकमध्ये काम झालं. सुटलो!

निघताना आई माझ्या लांब केसांकडे बघत म्हणाली, "सर, मालिका गाजली तर तुमचे केस द्यायचं देवीला बोललेय."

आता सांगा, मालिका बघणार का न्हाई?