जर्मन मशीनवरच्या पट्ट्या

मशीनवरची एखादी पट्टी सुटली की ती पुन्हा चिकटवताना मला मुरबाडच्या आमच्या पावाच्या कारखान्यातले ते दिवस आठवतात. मी नववीतून शाळा सोडून लातूरकडून नवाच आलो होतो. जर्मनीहून आलेल्या जुन्या मशीनवर सगळी नावं जर्मन होती आणि ती फक्त टोकावड्याचे एक काका सवयीने चालवायचे. मला खोली मिळवून दिली तीही त्यांनीच. मालकांनी मला बटणांवर इंग्रजी नावं चिकटवायला सांगितली. मोबाइल एका शब्दाचा अर्थ ‘पिठाची शांतता’ दाखवू लागला, तेव्हा काका हसले, “शांतता कसली रे, पीठ फुगाया ठेवायचा बटन हाय तो.” मग मी ‘डो रेस्ट’ लिहिलं. असं एकेक त्यांनाच विचारून मी पट्ट्या लावल्या आणि मशीन कुणालाही चालवता येऊ लागली. मालकांनी तिथं मला उभं केलं, काकांना मैद्याच्या गोण्या उचलायला पाठवलं. त्या रविवारी काकांकडे जेवताना काकू म्हणाल्या, “नीट शिकून घे रे यांच्याकडनं. यांच्याबिगर ती मशीन चालत नाय.” काका खाली बघून जेवत राहिले. मी “हो काकू” म्हणालो. पुढे काकूंना सगळं कळलंच. तरी आजही मी गेलो की काकू सगळ्यांआधी मला वाढतात, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.