पितळ एकीकडे, लोखंड एकीकडे

आमच्या शेडमध्ये सगळे हौशी. जुने रेल्वेचे डबे दुरुस्त करायचे, पगार नाही, चहासुद्धा घरून आणायचा. मी सीटच्या गाद्या शिवते. लाकूडकाम मिस्त्रींकडे, निवृत्त सुतार, शब्द कमी आणि राग नाकावर. अशा ठिकाणी एक दिवस सत्तरीचे एक गृहस्थ आले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "मी एकतीस वर्षं डबे तोडायचं काम केलं. आता एखादा जोडायचाय."

खरं सांगते, मला तो माणूस डोळ्यांसमोर नको झाला. आम्ही एकेका स्क्रूसाठी भंगार बाजार पालथा घालतो, आणि हा भंगार करणारा! नाव विचारायच्या आधीच आम्ही त्यांना 'तोडेकाका' करून टाकलं. मिस्त्रींनी हातात झाडू दिला. काकांनी महिनाभर निमूटपणे शेड झाडली.

शेडमधला लाकडी डबा त्याच्या बनावटीतला शेवटचा. बाकीचे कुठे गेले हो, असं मी एकदा मुद्दाम, टोचायलाच विचारलं.

"माझ्याच हातून गेले, बाई," काका म्हणाले. "पोट होतं ना मागे. पण हा एक तरी उभा राहिलेला बघायचाय."

मी परत माझी गादी शिवायला घेतली.

डब्याची आठही दारं गंजून बसली होती. मिस्त्रींनी पंधरा दिवस तेल सोडलं, शिव्या दिल्या. एक हलेल तर शपथ. शेवटी नाइलाजाने काकांना बोलावलं. काकांनी हातोडीने हलकेच ठोकत, कान देत एका सकाळीत आठही दारं उतरवली. कुठे ओरखडा नाही. मिस्त्री चक्क हसले.

जेवून परत येऊन बघतो तर काय! काकांनी सुटं सामान नीट लावून ठेवलं होतं. पितळ एका बादलीत, लोखंड दुसरीत. भंगारात असंच लावतात. पण आमच्या डब्याची प्रत्येक बिजागरी कानस मारून तिच्याच दारापुरती बसवलेली. चोवीस बिजागऱ्या, आणि कुठली कुठल्या दाराची ते आता देवालाच ठाऊक.

"हात लावाल तिथे भंगार!" मिस्त्री लालबुंद झाले.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "हाताला तीच सवय आहे हो," एवढंच म्हणाले. मला वाटलं, झालं, उद्यापासून हे काही येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडायला आले, तर काका पायरीवर बसलेले. मग सुरू झालं. एक बिजागरी घ्यायची, एकेका दाराला लावून बघायची, नाही बसली की पुढचं दार. लाकडावरचा जुना ठसा, स्क्रूची भोकं, रंगाची कड, सगळं भिंगातून. पाचव्या दिवशी त्यांची बायको जेवण घेऊन आली.

"घरी पंख्याचा स्क्रूसुद्धा मी यांच्या हाती देत नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही अख्खी गाडी दिलीत?"

सगळे हसलो, मिस्त्री सोडून. पण त्या दुपारी मिस्त्री स्टूल ओढून काकांशेजारी बसले आणि दार धरून ठेवू लागले. दोघांत संभाषण एवढंच: "ही?" "नाही." "ही?" "नाही."

अकराव्या दिवशी आठवं दार चढलं. मिस्त्री बाजूला सरकले. "तुम्हीच लावा."

काकांनी दार ढकललं. खट्ट. केसभर फट नाही. दारावरचा हात न काढता ते तसेच उभे राहिले.

"एकतीस वर्षांत मी एकही दार लावलं नव्हतं, मिस्त्री. नुसती काढली."

मिस्त्रींनी दाराकडे बोट केलं. "मग उघडा, आणि परत लावा."

काकांनी परत लावलं. मग पुढचं उघडलं, तेही लावलं. अशी आठही दारं होईपर्यंत आमच्यापैकी कोणी कामाला हात लावला नाही.