दामजी खांबावर आणि फोन मुहूर्तावर

दामजी लाइनमन खांबावर चढला होता आणि मी पाटलांच्या ओट्यावर नव्या फोनच्या पेटीला तारा जोडत होतो. एवढ्यात पाटलीणबाईंनी आरतीचं ताट आणून पेटीशेजारी ठेवलं. ताटात नारळ होता.

"एवढ्यात आरती कसली, आबा?" मी लोटन पाटलांना विचारलं.

"मुहूर्त शे ना आते. सुरतहून व्याहीसना फोन येणार शे. सायेबनी सांगी ठेयेल शे."

मी हातातली पक्कड खाली ठेवली.

साठच्या दशकातली गोष्ट. मी नंदुरबारला टेलिफोन मेकॅनिक होतो. तेव्हा एक्सचेंजमधला ऑपरेटर हाताने दांडी फिरवायचा, की तारेतून वीज येऊन इकडची घंटी वाजायची. त्या विजेने माणूस मरत नाही, पण झटका असा बसतो की हात सुटतोच. जमिनीवर सुटला तर माणूस दोन शिव्या देऊन मोकळा होतो. दामजी नाल्याच्या काठावरच्या लोखंडी खांबावर होता. खाली काळे दगड, कमरेचा पट्टा दोनदा शिवलेला. वाऱ्याने तुटलेली तार तो जोडत होता आणि एक्सचेंजकडचं टोक त्याच्या उघड्या हातात होतं. लाइन अजून चालूच झाली नव्हती, मग रिंग देणार कोण, असं आम्ही धरून चाललो होतो.

आमचे सुपरवायझर साहेब नुकतेच जीपने येऊन झोपाळ्यावर चहा पीत होते. तार तुटल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"साहेब, एक्सचेंजला मुहूर्ताचं सांगितलंत?"

"हो. पाटलांना पहिली घंटी मुहूर्तावरच हवीय. का?"

"तार तुटलीय. वर दामजी आहे."

साहेबांची बशी हातातच राहिली. "मग एक्सचेंजला थांबवा."

"कसं थांबवू? गावात दुसरा फोन नाही, आणि ही तार तर तुटलीय."

मी धावत सुटलो. खांब शेतांच्या पलीकडे होता. कपाशी कमरेएवढी, खाली चिखल. चपला तिथेच राहिल्या. ओरडलो तर वारा आवाज उलटा माझ्याच तोंडावर आणत होता. खांडबाऱ्याला दामजीच्या घरी मी जेवलो होतो. त्याच्या बायकोला काय सांगायचं, हेच डोक्यात फिरत होतं. मी फार घाबरलो होतो.

निंदणीच्या बायांनी मला पाहिलं. "काय व्हयनं, भाऊ?"

"दामजीला सांगा, तार सोड म्हणावं!"

का, कशाला, त्यांनी विचारलं नाही. तिकडे शेतातून शेतात निरोप हाळीनेच जातो. एकीने हाळी दिली, पुढच्या शेतातल्या गड्याने ती उचलली. "तार सोडी दे रेऽऽ" माझ्यापुढे पळत गेली. दामजीने मान वळवली, तार सोडली आणि दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली.

खाली उतरला तेव्हा तो बोटं चोळत होता. "सोडता सोडता चावलीच, भाऊ," म्हणाला. मी त्याच्याशेजारी बसलो.

मुहूर्त टळला. पाटील दुपारभर साहेबांशी धड बोलले नाहीत. जोड पूर्ण झाल्यावर सुरतेचा फोन आला. घंटी वाजली, नारळ फुटला, अंगणातले सगळे हसले. दामजीने तेवढे दोन्ही हात पाठीमागे घेतले.

त्यानंतर खांबावर माणूस चढवण्याआधी मी एक्सचेंजला रिंग देऊ नका म्हणून सांगायचो, आणि मग घरमालकाला पंचांग विचारायचो.